फोन मुठ्यात होता

हवालदार हैबतरावांनी समोरच्या कागदावर बोट ठेवलं, दहा आकडी नंबर एकेक आकडा करत वाचला आणि मान वर न करताच विचारलं, "हा तुमच्या नावावर आहे ना, साहेब?" विश्रामचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात त्याचा फोन होता, आणि त्याचा नंबर हा नव्हता. पण हाही नंबर त्याला पाठ होता. उशीर होईल एवढं सांगायला, येताना काही आणायचं का विचारायला तो हाच नंबर लावायचा आणि पलीकडून आशालता 'बरं' म्हणायची. भूगावच्या दुकानात तिच्यासाठी सिमकार्ड घेतलं तेव्हा फोटो आणि विजेचं बिल त्याचंच जोडलं होतं. बायकोच्या नावाचे वेगळे कागद कोण गोळा करत बसणार. "हो, माझ्याच नावावर आहे," तो म्हणाला. "गेल्या मंगळवारी दुपारी हा फोन मुठ्यात होता," हैबतराव म्हणाले. त्यांनी ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, पण खुर्चीत बसल्या बसल्या कुणीतरी मागून ढकलावं तसं विश्रामला झालं. मुठा. चार वर्षांत हा शब्द त्याच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. हिंजवडीहून भरे गावावरून घरी येताना पिरंगुटला मुठ्याचा फाटा लागायचा, तेव्हा तो पाटीकडे बघायचं टाळून पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचे आकडे वाचायचा. आणि त्या गावात आशालताचा फोन होता. म्हणजे आशालता होती.

हैबतराव सांगत होते, आणि त्यांचं सांगणं विश्रामच्या कानांवर लांबून आल्यासारखं येत होतं. मंगळवारी दुपारी मुठ्यात नदीकडेच्या एका बंगल्यात चोरी झाली. मालक पुण्याचे, शनिवार-रविवार येणारे. राखणदारानं अडवलं तर त्याच्या डोक्यात पहार घातली. तो अजून बेशुद्धच आहे. पूर्वी असं काही झालं की गावात फिरावं लागायचं, हॉटेलात चहा प्यावा लागायचा, कोण आलं कोण गेलं ते विचारत बसावं लागायचं. आता वरच्या साहेबांनी सरळ मोबाइल कंपनीला पत्र टाकलं. त्या दुपारी मुठ्याच्या टॉवरखाली जेवढे फोन होते तेवढ्यांचे नंबर आले. गावचे बाजूला काढले, बंगलेवाले बाजूला काढले. उरलेल्यांना एकेक करून बोलावणं धाडलं. "आता माणूस खोटं बोलतो, साहेब, फोन बोलत नाही," हैबतराव म्हणाले आणि स्वतःच्याच वाक्यावर थोडं हसले. विश्रामही हसला असावा. हे वाक्य त्याला नवं नव्हतं. कंपनीत दारावरच्या कार्डांचं काम त्याच्याकडेच होतं. कोण किती वाजता आत आला, कोण जेवायला म्हणून बाहेर पडून किती वेळानं परतला, हे संध्याकाळी त्याच्या टेबलावर येई. एखादा पोरगा अजीजीनं काही सांगायला लागला की तो म्हणायचा, तुमचं कार्ड तर वेगळंच म्हणतंय. पोरगा गप्प व्हायचा. ते गप्प होणं आतून कसं असतं हे त्याला आज कळत होतं.

"तुम्ही होता ना तिथं?" हैबतरावांनी विचारलं. "हो," विश्राम म्हणाला, "मीच होतो."

असं का म्हणालो, हे पुढे बरेच दिवस तो स्वतःला विचारत राहिला. बाईचं नाव ठाण्यात निघू नये, हे बार्शीच्या घरात लहानपणापासून अंगात मुरलेलं एक कारण होतं. पण त्याच्याखाली दुसरं होतं. 'ती बायको होती' असं म्हटलं असतं तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, बाई तिथं कशाला गेल्या होत्या. आणि त्यावर 'मला माहीत नाही' असं त्याला म्हणावं लागलं असतं, या भिंतींमध्ये, या माणसासमोर. कारण हैबतराव त्याला अनोळखी नव्हते. चार वर्षांपूर्वी नदीकाठी गोधडीवर ठेवलेल्या त्या लहान देहाचा पंचनामा यांनीच केला होता. पाय जुळवून, टोपी काखेत धरून उभे राहिले होते आणि 'वय?' असं विचारताना त्यांचा आवाज खाली गेला होता. "नाव वाचलं तेव्हाच मला वाटलं," हैबतराव आता म्हणाले, "की हे त्या पोरीचे वडील. मागचं वर्षभराचं काढलंय आम्ही. हा फोन अधूनमधून मुठ्याला जातो. दुपारी जातो, दिवस मावळायच्या आत परत येतो. जाऊन बसता होय?" विश्राम म्हणाला, "हो. बसतो." हैबतरावांनी पेन खाली ठेवलं. बाहेरच्या शिपायाला हाक मारून चहा सांगितला. "मलाबी दोन पोरी आहेत," ते म्हणाले.

चहा आला. गोड, आलं घातलेला, काचेच्या ग्लासात. विश्राम तो प्यायला. जे दुःख आपण केलंच नाही त्याच्या नावानं मिळालेला तो चहा घशाखाली उतरत होता आणि तो थांबवता येत नव्हता. मग हैबतरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "शंभू तर तुम्हाला माहीतच आहे. त्याला धरलंय आम्ही. चोरी झाली त्याच्या पलीकडच्याच बंगल्यावर माळी आहे तो आता. आणि नावावर आधीचा गुन्हा आहे, तुमच्याच तक्रारीवरचा. म्हणतो दुपारभर घरीच होतो. पण सांगणारी त्याची आई. आईची साक्ष कोण धरतो. तुम्हाला दिसला का तो त्या दिवशी?" विश्रामनं ग्लास खाली ठेवला. "नाही," तो म्हणाला. मुठ्याबद्दल तो बोललेला तेवढा एकच शब्द खरा होता, म्हणून असेल, अगदी सहज निघाला.

ठाण्यातून तो कामावर गेला नाही. गाडी घराकडे, भुकूमच्या रस्त्याला लागली आणि वाटेत ती दुपार त्याच्या अंगावर आली. चार वर्षं त्यानं ती अडवून धरली होती. जानेवारीतला रविवार होता. स्वरदा पहिलीत होती. नदीकाठच्या आपल्या तुकड्यात शंभूनं बांबूच्या झोपड्या उभ्या केल्या होत्या. पुण्याकडची माणसं सुट्टीला यायची, शंभूची आई रत्नाबाई चुलीवर भाकरी आणि पिठलं करून वाढायची, पोरं पाण्याकाठी खेळायची. विश्राम भरपूर जेवला होता. आठवडाभर कंपनीत उशिरापर्यंत काम झालेलं, करंजाच्या सावलीत चटई अंथरलेली, ऊन कोवळं. स्वरदा त्याच्या पोटावर डोकं ठेवून काहीतरी विचारत होती. काय विचारत होती ते त्याला आठवत नव्हतं. तो हूं हूं करत होता. आशालता ठेचा कसा केला ते विचारायला रत्नाबाईच्या चुलीपाशी गेली होती. मग पोटावरचं ओझं कधीतरी कमी झालं आणि झोप आणखी गाढ लागली. जाग आली ती आरडाओरड्यानं नव्हे, तर सगळीकडचं बोलणं एकदम थांबल्यानं. त्यानं डोळे उघडले तेव्हा शंभू कमरेएवढ्या पाण्यातून वर येत होता, दोन्ही हात पुढे धरून. दगडांचं घर करायला तिला पाणी हवं होतं. ते आणायला ती प्लॅस्टिकचा पेला घेऊन खाली गेली होती म्हणे. काठाला पाऊल बुडेल एवढंच पाणी, आणि एका पावलावर डोह.

तक्रारीत लिहिलेलं सगळं खरं होतं. डोहापाशी धोक्याची पाटी नव्हती. पोरांवर लक्ष ठेवायला माणूस नव्हता. परवानगी नव्हती. आपण झोपलो होतो, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. झोपड्या बंद झाल्या, शंभूला अटक झाली, जामीन झाला, तारखा पडत राहिल्या. पहिल्या एक-दोन तारखांना विश्राम गेला. कोर्टाच्या व्हरांड्यात शंभू भिंतीला टेकून उभा असायचा. एकदा पुढे येऊन काही बोलू लागला, तर विश्राम वळून जिना उतरून गेला होता. आणि घरी आल्यावर महिन्याभराच्या आत त्यानं स्वरदाचे कपडे, दप्तर, फोटो, भिंतीवर तिनं चिकटवलेली चित्रं, सगळं एका खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. आशालता दारात उभी राहून बघत होती. तिनं अडवलं नाही. नंतर कुणी स्वरदाचं नाव काढलं की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. रागानं नाही, अगदी हळू उठून जायचा, पाणी प्यायला गेल्यासारखा. आधी पाहुण्यांना कळलं, मग शेजाऱ्यांना, आणि शेवटी आशालतालाही. घर शांत झालं. त्याला वाटलं होतं, आपण सावरलो.

त्याला अवेळी आलेला बघून आशालतानं एवढंच विचारलं, "आज लवकर?" तो हं म्हणाला. ती ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती. तिचा फोन फ्रीजवर तिनंच विणलेल्या लोकरीच्या पिशवीत होता. विश्राम टेबलाशी बसून तिच्या पाठीकडे बघत राहिला. चाळिशीची बाई, मानेवर अंबाडा, कानामागे थोडे पांढरे केस. स्वरदा गेल्यावर तिनं शाळेतली नोकरी सोडली होती. त्यानंतर दुपारभर ती काय करते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. झोपत असेल, टीव्ही बघत असेल, असं त्यानं धरून चाललं होतं. आता त्या सगळ्या दुपारी एकदम त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि एकीकडेही त्याला नीट बघता येईना. एक हलका, ओंगळ विचारही येऊन गेला, की तिथं कुणी असेल का तिचं. तो विचार आला त्याची त्याला लाज वाटली. पण लाजेच्याही आधी क्षणभर बरं वाटलं होतं, आणि त्याची अधिक लाज वाटली. तसं काही असतं तर निदान समजण्यासारखं असतं. तिच्यावर रागावता आलं असतं. तिनं ताट वाढलं. तो जेवला. बोटांवरचं पीठ चोळून काढत ती खिडकीतून खाली बघत होती. तिला विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "मीठ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत न जाता त्यानं पिरंगुटच्या फाट्याला गाडी वळवली. रस्ता रुंद झाला होता. डोंगरात वर नवी वस्ती उठत होती, तिकडचे डंपर धूळ उडवत जात होते. नदी होती तिथंच होती, तो तिच्याकडे न बघता चालवत राहिला. टेकाडावर टॉवर दिसला, तांबडा-पांढरा. झोपड्यांच्या जागी आता नुसते चार-दोन वासे उभे होते आणि त्यांच्यावर घेवड्याचा वेल चढला होता. त्याच्या वरच्या अंगाला शंभूचं घर. रत्नाबाई अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिनं त्याला लांबूनच ओळखलं असावं, कारण तो जवळ येईपर्यंत तिचे हात थांबले होते. ती उठली नाही.

"बाईंनी धाडलं व्हय तुमाला?" तिनं विचारलं.

"नाही. तिला माहीत नाही मी आलोय ते."

"मग हितं येती त्ये कुनी सांगितलं? शंभूनं?" ती एकदम कावरीबावरी झाली. "त्याला म्या बजावलं हुतं. काय बी झालं तरी बाईचं नाव घ्यायचं न्हाई."

"शंभू काही बोलला नाही. फोनवरनं कळलं," विश्राम म्हणाला, आणि मग त्याला ते समजावून सांगावं लागलं, की टॉवर असतो, कुठला फोन कुठल्या टॉवरखाली आहे ते कंपनीला कळतं, कंपनी पोलिसांना सांगते. रत्नाबाईनं टेकाडाकडे मान वळवून बराच वेळ बघितलं.

"मग त्याला शंभूबी दिसला आसंल की," ती म्हणाली.

"फोन गावात होता एवढं दिसतं. कुठल्या घरात होता ते दिसत नाही."

"आसं," रत्नाबाई म्हणाली. "म्हंजी बाई आली ह्ये दिसलं, आन शंभू तिच्या म्होरं हितं लाकडं फोडीत हुता, त्ये न्हाई दिसलं." तिनं हे टोचून म्हटलं नव्हतं, नुसतं नीट समजून घेतल्यासारखं म्हटलं होतं. तिनं सूप बाजूला ठेवलं. "बसा. पानी देऊ?"

तो पडवीच्या कडेला बसला. तो पाणी पीत असताना ती सांगत गेली. पहिल्यांदा बाई आल्या तेव्हा तिला वाटलं होतं, भांडायला आल्यात. बाई नदीकडे गेल्या आणि अर्ध्या वाटेतच मटकन खाली बसल्या. रत्नाबाईनं धरून घरी आणलं, गूळ-पाणी दिलं. बाई रडल्या नाहीत. सगळं घर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, तुमी तिला बघितलं हुतं न्हवं. म्या व्हय म्हनलं, बघितलं हुतं, पिठलं तिखाट हाय म्हनून रडली बी हुती, म्या गुळाचा खडा दिला तिला. "तवा ती रडाया लागली, आन हसाया बी," रत्नाबाई म्हणाली. "मग येत ऱ्हायली. काय करती? काय न्हाई. बसती. माझ्या संगं घेवडा सोलती, आन पोरीचं बोलती. आता पोरीचं समदं मला ठावं हाय. पालीला भ्यायची. शेवग्याच्या शेंगंला चोखायची काडी म्हनायची. रातच्याला तुमच्या बनियनचं टोक मुठीत धरल्याबगार झोपायची न्हाई." विश्राम खाली बघत होता. बनियनचं त्याला आठवलं. पण शेवग्याच्या शेंगेचं आठवेना. ते आपल्याला कधी माहीत होतं आणि गेलं, की माहीतच नव्हतं, हेही कळेना. त्याच्या मुलीतला एक तुकडा या परक्या अंगणात ठेवलेला होता आणि तो त्याला ओळखता येत नव्हता.

"शंभूला मारलं आसंल का वो?" रत्नाबाईनं विचारलं.

"नाही मारणार," तो म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"पोरीला त्यानंच काडली हुती पान्यातनं. तुमी कागुदात काय बी लिवलं तरी त्यानंच काडली." मग ती म्हणाली, "तुमास्नी बोल न्हाई लावीत म्या. ज्याचं जळतं त्यो कुटंबी हात मारतो. पर बाईचं नाव ठान्यात नगं. तिला तेवढी एक जागा हाय. ती बी गेली तर ती जाईल कुटं?"

परतीच्या वाटेवर त्यानं दोनदा गाडी थांबवली. बाईचं नाव न घेता काय करता येईल ते तो शोधत होता. मीच गेलो होतो आणि आता आठवतंय, शंभू घरी होता, असं सांगितलं तर? पण काल 'दिसला नाही' म्हणून सही करून आलो होतो. आणि मी कधी पोचलो, कुठं बसलो, रत्नाबाई काय करत होती, असं विचारलं तर? त्या दिवशी तो तिथं गेलाच नव्हता. खोटं पुरतं बोलायला सुद्धा माणसाला एकदा त्या जागी जाऊन यावं लागतं.

आशालता दारातच होती, कपडे वाळत घालायला निघालेली. त्यानं बूटही काढले नाहीत. "काल मला ठाण्यात बोलावलं होतं," तो म्हणाला आणि सगळं सांगितलं, चोरीचं, टॉवरचं, नंबरचं. ओल्या कपड्यांची बादली हातात तशीच धरून ती ऐकत होती. तिचा चेहरा पांढरा पडला नाही की ती घाबरली नाही. फक्त 'शंभूला धरलंय' हे ऐकल्यावर तिनं बादली खाली ठेवली.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी गेलो होतो म्हणून सांगितलं."

"तुम्ही."

"हो."

"कशाला गेला होता म्हणालात?"

त्याला तिच्याकडे बघवेना. "अधूनमधून जाऊन बसतो म्हणालो."

बादलीतल्या साडीचं पाणी जिन्यावर निथळत होतं. "खरंच वाटलं त्यांना?" तिनं विचारलं, आणि त्या प्रश्नात राग नव्हता, म्हणून तो अधिक लागला. मग ती आत गेली, तोंडावर पाणी मारलं, साडी बदलली, फ्रीजवरचा फोन पर्समध्ये टाकला. "चला," म्हणाली. "कालच सांगायला हवं होतंत. एक रात्र जास्त बसला तो."

हैबतराव जेवायला उठत होते, ते पुन्हा बसले. आशालतानं खुर्चीवर बसायच्या आतच सांगितलं, की तो फोन माझा आहे आणि त्या दिवशी मी मुठ्यात होते. हैबतरावांनी विश्रामकडे बघितलं. त्या बघण्यात दम नव्हता, दरारा नव्हता. काल दिलेला चहा कुणाला दिला होता हे ते आठवत असावेत. "मग साहेब, तुम्ही?" "मी नव्हतो," विश्राम म्हणाला. "कधीच?" "कधीच नाही." हैबतरावांनी कालचा कागद काढून बाजूला ठेवला आणि नवा घेतला. ते विचारत गेले, ती सांगत गेली. दुपारच्या जीपनं गेले. रत्नाबाईंच्या घरी बसले. शंभू अंगणात लाकडं फोडत होता, नंतर ओसरीवरच जेवला, मी निघाले तेव्हा मला जीपपर्यंत सोडायला आला. तोपर्यंत बंगल्याकडे आरडाओरडा सुरू झाला होता. तो आम्ही दोघांनी रस्त्यावरूनच ऐकला. ती सरळ, न अडखळता बोलत होती. एके काळी ती वर्गात अशीच बोलत असेल, विश्रामच्या मनात आलं. तिला इतकं सलग बोलताना त्यानं कधी ऐकलं होतं ते त्याला आठवेना.

"मुठ्याला वरचेवर जायचं कारण काय, ताई?"

"ते लिहायलाच लागतं?"

"लागतं. साहेब विचारतात."

आशालतानं पर्सचा बंद घट्ट धरला. विश्राम तिच्या शेजारीच बसला होता, कोपराला कोपर लागेल इतका जवळ, पण ती त्याच्याकडे वळली नाही. "तिथं माझ्या मुलीचं नाव घेता येतं," ती म्हणाली. "घरी येत नाही."

हैबतरावांचं पेन कागदावर टेकून थांबलं. बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती लागत नव्हती. मग त्यांनी मान खाली घालून लिहिलं आणि प्रथेप्रमाणे वाचून दाखवलं, "सदर महिला ही घरगुती कारणास्तव वेळोवेळी मुठा येथे जात असे." आशालतानं सही केली.

वरचे साहेब आले, त्यांनी वाचलं, कुठं कुठं फोन लावले, आणि उन्हं कलल्यावर शंभूला सोडलं. तो एक पाय जपून टाकत बाहेर आला. चार वर्षांत तो वाळला होता. ठाण्याच्या आवारातल्या नळावर त्यानं तोंड धुतलं आणि आशालतासमोर येऊन उभा राहिला. "तुमी याया नगं हुतं, बाई." ती म्हणाली, "कालच यायला हवं होतं मी." विश्राम गाडीपाशी उभा होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि शब्दांची जुळवाजुळव तो दुपारपासून करत होता. "शंभू," तो म्हणाला, "ती केस. मी वकिलाशी बोलतो. मागे घेतो." शंभूनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. "त्ये आता सरकारचं हाय, सायेब," तो म्हणाला. "तुमच्या हातात न्हाई ऱ्हायलं." त्यात कडवटपणा नव्हता, कोर्टाच्या खेपांत कळलेली एक गोष्ट त्यानं सांगितली, एवढंच.

तिघं फाट्यापर्यंत आली, ती दोघं जीपनं आणि विश्राम मागून गाडीवर. फाट्यावर मुठ्याची जीप भरत होती. "मी याला घरी पोचवून येते," आशालता म्हणाली. "रत्नाबाई सकाळपासून दारात बसल्या असतील." विश्रामला म्हणायचं होतं, मीही येतो. तो म्हणालाही असता. पण ती त्याच्या म्हणण्याची वाट बघत नव्हती. शंभूला आधी चढवून, त्याचा दुखरा पाय नीट आत येतोय ना हे बघून ती मागच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही पुढं व्हा. आमटी आहे सकाळची, गरम करून घ्या." जीप वळली. घरी जाऊन तो दिवा न लावता बाहेरच्या खोलीत बसला. त्या चोरीचं पुढे काय झालं, राखणदार वाचला का, हे त्याला कधीच कळलं नाही. पुन्हा त्याला कुणी बोलावलं नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. तिचाच नंबर. "पोचलो आम्ही," ती म्हणाली. "जेवायला थांबवतायत, तर थोडा उशीर होईल." तो 'बरं' म्हणाला. आता ती फोन ठेवेल म्हणून त्यानं वाट बघितली, पण तिनं तो तसाच कुठंतरी ठेवून दिला असावा, कारण आवाज यायचा थांबला नाही. भांड्यांचा आवाज आला, शंभूचं खोकणं आलं, पाट सरकवल्याचा आवाज आला. मग रत्नाबाई काहीतरी म्हणाली आणि त्यात 'स्वरदा' हा शब्द होता. किती सहज होता तो, मीठ म्हणावं, पाणी म्हणावं तसा. आशालता त्यावर काही सांगू लागली. विश्रामनं फोन कानाशी दाबून धरला. सगळे शब्द लागत नव्हते; शाळा, पावडरचा डबा, आरसा, असं काहीबाही येत होतं. बोलता बोलता ती हसली. हे हसणं त्याच्या ओळखीचं होतं, दोघं बार्शीहून नव्यानं इकडे आली त्या दिवसांतलं. तो ऐकत राहिला. पुढच्या वाक्यात आपलं नाव येईल असं त्याला वाटत होतं, बनियनचं येईल, काही तरी येईल. मग त्याला जाणवलं की तिला ठाऊक नसताना आपण ऐकतोय. जे तिनं आपल्याला दिलेलं नाही ते घेतोय. त्यानं फोन कानापासून दूर केला. अंधारात त्या लहानशा उजेडात तिचा नंबर दिसत होता आणि आतून बारीक, मुंगीएवढे आवाज अजून येत होते. हलक्या हातानं, पलीकडे कुणाला कळू नये असं, त्यानं तांबडं बटण दाबलं.